मडकं घेऊन पाड्यावर

बोरिवलीच्या जंगलात वाट कुठून फुटते, पाणी कुठे मिळतं, असं विचारणारे मेल मला अधूनमधून येतात. ऐंशीच्या दशकात मी तिथल्या एका पाड्यावर नर्स म्हणून जात होते, असं कधीतरी ब्लॉगवर लिहून बसले त्याचा हा परिणाम. तर घ्या, सांगते. स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं, बस जिथून वळून मागे फिरते तिथपर्यंत जायचं आणि मग पायांवर भरवसा ठेवायचा. बूट घाला. पावसाळा संपता संपता गवत छातीला लागतं आणि गोचिडी चिकटतात. वडापाव बांधून न्या, कारण वर हॉटेल नाही. कुणी तांदळाची भाकरी हातावर ठेवली तर नको म्हणू नका. खर्च म्हणाल तर बसचं तिकीट, बस्स. हे आत्ताचं नाही, तेव्हाचं सांगतेय. आत्ता तिथे काय आहे ते मला ठाऊक नाही आणि बघायला जायची इच्छाही नाही.

जायचं ठरवलं डॉक्टर सामंतांनी. मी राहायला कांदिवलीला, नोकरी उपनगरातल्या एका प्रसूतिगृहात, आणि सामंत आमचे मोठे डॉक्टर. पाड्यावरच्या बाया बाळंतपणाला खाली येत नाहीत, अडल्या की तिथेच मरतात, म्हणून त्यांनी एक टीम बांधली. डॉक्टर, नर्स म्हणून मी, एक समाजसेविका आणि पाड्यावरची सुईण देवकी. मीटिंगमध्ये सामंत टेबलावर हात आपटून म्हणाले, "आपण त्यांच्याकडे जायचं. त्यांच्या रीतीचा मान ठेवायचा. नाहीतर हे सगळं झूठ आहे." आज त्यांचं नाव काढलं तरी माझं डोकं तापतं, पण तेव्हा मला ते फार आवडले होते, हेही खरं.

पहिल्या खेपेला आम्ही सकाळीच निघालो. सामंत शहरी बुटांनी ओहोळात दोनदा घसरले आणि दोन्ही वेळा हसले. पाडा म्हणजे कुडाच्या भिंतींची थोडी घरं, मधे चिंचेचं झाड. कागदोपत्री मुंबईच, पण दिवा नाही की नळ नाही. मंजुळा अंगणात भात पाखडत होती. सातवा महिना. तिचं पहिलं मूल पायाळू होतं, ते अडकून गेलं आणि तीही जाता जाता राहिली होती. हेही मूल आडवं वाटत होतं. सामंतांनी पोट तपासून माझ्याकडे पाहिलं. इथे बाळंत झाली तर ही जगत नाही, एवढं मलाही कळलं.

"येशील ना गं खाली?" मी विचारलं.

ती देवकीकडे बघायला लागली. देवकी पन्नाशीची, काटक, बोलायला मोजकी. तिनं दोनच गोष्टी मागितल्या.

"मी तिच्याजवळ बसन. आन वार आम्हांला द्यायची."

बाळामागून पडते ती वार. ती घराच्या दाराशी पुरायची, पाचवीला त्याच जागेवर बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. वार दुसरीकडे गेली तर मूल घरात ठरत नाही, अशी त्यांची धारणा. समाजसेविकेनं वहीत लिहून घेतलं. सामंत म्हणाले, "दिलं. दोन्ही दिलं. माझा शब्द." परतताना देवकीच्या सुनेनं आम्हाला सुकटीची चटणी आणि भाकरी खायला घातली. झकास होती, अजून चव आठवते.

दिवस भरत आले तेव्हा मंजुळाला आम्ही खाली आणलं. जंगलाच्या कडेपर्यंत ती चालली, नवऱ्याच्या खांद्याला धरून, पुढे आमची जीप. नवरा तिथूनच मागे वळला, त्याला दाराशी खड्डा खणायचा होता. देवकीच्या मांडीवर कोरं मडकं, तोंडाला सागाचं पान बांधलेलं.

आणि इथून आमच्या शब्दाची वाट लागली. लेबर रूमच्या इन्चार्जनी देवकीला दारातच अडवलं. "बाहेरची बाई आत नको. इन्फेक्शन झालं तर कोण जबाबदार?" मी भांडले. माझी नेमणूक टीमवर, लेबर रूमवर नाही, म्हणून मलाही आत घेतलं नाही. सामंत आत जाता जाता म्हणाले, "सिस्टर, आत्ता वाद नको. बाई वाचवू द्या." आणि वाचवलीही. हात घालून मूल फिरवलं, दुपारच्या आत मुलगी झाली, दोघी धडधाकट. सामंतांचं कौशल्य मी नाकारत नाही. देवकी बाकावर मडकं घेऊन बसली होती. रडण्याचा आवाज आला तशी ती उठून दाराशी गेली. मडकं आत घेतलं गेलं आणि थोड्या वेळानं सामंतांनी मला मागच्या पॅसेजमध्ये बोलावलं.

वार नव्हती. मावशींनी, म्हणजे आमच्या आयाबाईंनी, नेहमीप्रमाणे बादली उचलून मागच्या ड्रममध्ये रिकामी केली होती आणि ड्रम गाडीवर चढून गेलाही होता. सामंत मावशींच्या नावानं ओरडले, "या लोकांना अक्कल असते का!" मग अगदी शांत आवाजात म्हणाले, "तीन नंबर आत्ताच मोकळी झाली ना? तिची घाला मडक्यात. यांना काय कळणार आहे?"

मी नाही म्हटलं. सामंतांनी स्वतःच्या हातानं घातली आणि पान बांधलं. तीन नंबरच्या बाईला कोणी विचारलंसुद्धा नाही.

वार त्याच दिवशी पुरायची म्हणून देवकीला ताबडतोब परतायचं होतं. सोबत मला पाठवलं. उन्हं तिरपी झाली होती. देवकीनं मडकं पदरात घेतलेलं, चालताना खालीवर होऊ नये म्हणून सावकाश पाय टाकत होती. मी म्हटलं, "द्या देवकीबाई, थोडा वेळ मी धरते." ती म्हणाली, "नको बाय. ही पोरीची जोडीदारीण. नवख्या हातात घाबरंल." आणि मडक्यावर हलकेच थोपटलं. ते माझ्याच्यानं बघवेना. जीव नुसता जळत होता. ओहोळापाशी तिला बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

ती रागावेल, मडकं फेकेल असं मला वाटलं. तिनं पान सोडून आत पाहिलं, परत बांधलं.

"ही कोनाची?"

"कुणाची ते मलाही माहीत नाही. शेजारच्या खाटेवरची."

"तिचंबी पोर आसंल ना."

ओहोळाच्या काठी उंबराखाली तिनं काठीनं जमीन उकरली आणि ती परकी वार नीट पुरली, वर दगड ठेवला. मीही माती लोटली. पाड्यावर मंजुळाचा नवरा खड्डा खणून दाराशी उभा होता. देवकी त्याच्याशी काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. रिकाम्या खड्ड्यात त्यानं माती परत ढकलली आणि पायानं दाबली. मी तशीच मागे फिरले. त्या दिवशी मला कोणी भाकरी विचारली नाही.

मंजुळा मुलीला घेऊन घरी गेली. पुढच्या खेपेला आम्ही वर गेलो तर अंगणं मोकळी. बाया आमची चाहूल लागताच रानात निघून गेल्या होत्या. एकटी देवकी चिंचेखाली बसली होती. मी विचारलं, मंजुळाला का सांगितलंत? "तिनं इचारलं, माझी वार कुठं गेली म्हनून. मंग काय सांगू?"

मंजुळाची जाऊ कमळ तेव्हा पोटुशी होती. सामंतांनी बाहेरून हाका मारल्या, समाजसेविका दोनदा जाऊन आली. कमळ आली नाही. तिचंही मूल आडवं होतं. ती तिथेच गेली, मूलही गेलं. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

मीटिंगमध्ये सामंत सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तुमचं तोंड बंद राहिलं असतं तर आज ती बाई जिवंत असती. बसा आता आपला खरेपणा कुरवाळत." मला टीमवरून काढून वॉर्डात टाकलं. घरी सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, रानावनातलं हिंडणं सुटलं." मी त्या रात्री जेवले नाही. सामंत चूक बोलले असं ठामपणे म्हणायची ताकद माझ्यात नव्हती, आजही नाही. कमळचा चेहरा धड आठवत नाही, याचाच जास्त त्रास होतो. एकदाच पाहिलं होतं तिला, भाताच्या सुपाआड.

वॉर्डात मावशींची नि माझी ड्युटी एकत्र पडायला लागली. मालवणकडच्या, वाकोल्याला राहणाऱ्या, तोंडानं फटकळ. सामंतांनी त्यांना तेव्हा मेमो दिला होता. सुरुवातीला मीही त्यांच्याशी धड बोलत नसे, यांच्यामुळेच झालं असं मनात होतं. एका दुपारी चहा घेताना राहवलं नाही.

"मावशी, ती पाड्यावरची बाई. तिची वार ठेवायची होती. तुम्ही का टाकलीत?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"ठेवूची होती?"

"हो. तसं ठरलं होतं. मीटिंग झाली होती, टीममध्ये सगळ्यांना सांगितलं होतं."

"माका कोणी सांगूक नाय, सिस्टर. माका फक्त मेमो दिल्यानी." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आमच्या गावाक पण वार पुरतत. बादली माझ्याच हातात होती ना गो. सांगल्यानी असता तर ठेवलंय असतंय."