कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा

माझ्या धाकट्या बहिणीला कात्रजच्या चौकात एका आयटी कंपनीच्या बसने उडवलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. दुसरी तिची व्हायची होती.

खटला चालला. मॅजिस्ट्रेटनी ड्रायव्हरला दोषी ठरवलं आणि शिक्षा सुनावली: कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायचं, शिवाय दंड. मी आईला चल म्हटलं, तर ती जागची हलेना.

"शिक्षा हाय ना? मग भोगतो का ते बघते."

ती त्याच्या समोरच्या बाकावर बसली. तो भिंतीला टेकून पेंगला, बायकोने आणलेला डबा व्हरांड्यात जाऊन खाऊन आला. संध्याकाळी न्यायाधीश उठून आत गेल्या, शिपायाने पंखे बंद केले, शिक्षा संपली. तो आमच्या पुढूनच जिना उतरून गेला.

"ह्याच्या वरच्या कोर्टात जायचं," आई म्हणाली.

सरकारी वकील बाई भल्या होत्या. "अहो, शिक्षा वाढवून मागायचं अपील तुम्हाला करता येत नाही, ते सरकारच करतं. तुम्ही विनंती अर्ज द्या. पण आईंना नीट समजावा. आपण शिक्षा वाढवा म्हटलं, की त्यालाही 'मी निर्दोष आहे' म्हणायची मुभा मिळते. सगळं पुन्हा उघडतं."

मी नीट समजावलं. आई म्हणाली, "म्हनू दे की. एकदा शाबीत झालंय, ते काय पुसतंय का?"

अर्ज मी लिहिला, इंग्रजीत. वकील बाईंनी त्यातला एक शब्द बदलला नाही. त्याचा मला अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो.

सरकारने अपील दाखल केलं. आई शनिवार पेठेत पोळ्या करायला जायची, तिथे तिने सगळ्यांना सांगितलं, "सरकार भांडतंय आमच्या पोरीसाठी." एक बाई म्हणाल्या, "वा! मग आमच्या गल्लीतल्या दिव्याचंही बघा म्हणावं जमलं तर." आई त्यांच्यासोबत हसली. मी तिला न्यायला आले होते; बहीण गेल्यापासून ती हसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सेशन कोर्टात ड्रायव्हरचा नवा वकील उभा राहिला. बस भरधाव होती हे साक्षीदारांनी सांगितलं, पण स्टिअरिंगवर हाच होता हे एकानेही पाहिलेलं नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. न्यायाधीशांना ते पटलं. सरकारचं अपील फेटाळलं. ड्रायव्हर निर्दोष सुटला.

निकाल इंग्रजीत होता. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "किती दिली?"

मी सांगितलं.

"म्हंजे तेवढंबी गेलं? तो बसला होता ते?"

"हो."

"मग बस कोन चालवत होतं?"

वकील बाई म्हणाल्या की अजून हायकोर्ट आहे, सरकारला कळवते. त्यांनी कळवलंही. पुढे काही झालं नाही. हे मी आईला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावायचं धाडस झालं नाही.

आता पोळ्यांच्या घरी कोणी विचारलं, काय हो, केसचं काय झालं, तर आई पीठ मळता मळता सांगते, "तारीख पडलीय."

परवा आईला न्यायला मी तिथे गेले होते. गल्लीतल्या दिव्याचं बोललेल्या त्याच बाईंनी माझ्यादेखत विचारलं, "कधीची तारीख?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पुढच्या महिन्यातली."