जुडी सोडली तेव्हा

जानकीवहिनीमुळे माझी पोर शाळेत टिकली. आज ठाण्यात मालकिणीच्या ओट्यावर कोथिंबिरीची जुडी सोडली, मुळांच्या ओल्या मातीचा वास आला आणि गावाकडची, खोडाळ्यातली ती संध्याकाळ आठवली.

“बेचाळीसातून सतरा जातच नाय. मी उद्यापासून शाळेत जायची नाय,” दुसरीतली पोर रडत म्हणाली. मीही चौथीत अशीच घरी बसले होते.

शेजारच्या जानकीवहिनीने भाताच्या लावणीची रोपं आणली, दहा-दहाच्या चार जुड्या बांधल्या, दोन सुटी ठेवली. “यातली सतरा दे.” पोरीने सुटी दोन उचलली आणि अडली. “येडे, लावताना हातातली संपली की रडत बसतेस का?” पोरीने पटकन जुडी सोडली आणि हसली.

आता ती जव्हारला कॉलेजात आहे. परीक्षा असली की माझा जीव अजून खालीवर होतो. वहिनी, एका लावणीला सुटी काढून येईन आणि आधी तुझ्याच खाचरात वाकेन.