उताराखालचा सायकलवाला

शाळा टेकाडावर होती आणि तिचा उतार जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे सायकलवाल्याचं दुकान. पुढे पत्र्याची खोली, दारात पाण्याचं घमेलं, खुंट्यांवर ट्यूबा. मागे राहायच्या दोन खोल्या. चाकाचा आऊट काढण्यात, म्हणजे डुगणारं चाक सरळ करण्यात, त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्पोकांवरून नख फिरवायचा आणि आवाजावरून सांगायचा, यातला कुठला ढिला आहे.

त्याला एकच मुलगी. एका जागी ठरत नसे म्हणून तो तिला भिंगरी म्हणायचा. नऊ वर्षांची होती.

घरची सायकल भिंतीला टेकवलेली असे. तिच्या ब्रेकचे रबर पार झिजले होते. बायकोने दोनदा आठवण करून दिली. "हो, बदलतो," तो म्हणायचा. पण समोर गिऱ्हाईक उभं राहिलं की घरचं काम मागे पडायचं. असा महिना गेला.

एका रविवारी सकाळी तो घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होता. मान वर केली तर उतारावरून भिंगरी येताना दिसली, घरच्या त्या सायकलवर. पाय जेमतेम पोचत होते, वेणी मागे उडत होती. क्षणभर त्याला कौतुकच वाटलं. मग तिने दोन्ही ब्रेक आवळलेले दिसले, आणि सायकल थांबत नव्हती. तो धावला. तो पोचायच्या आत ती कडेच्या हातगाडीवर आदळली होती.

जीव वाचला, कोपर मोडलं. मोठं हॉस्पिटल दुसऱ्या शहरात, बायकोच्या भावाच्या घराजवळ. पहिलं ऑपरेशन झालं, मग दुसरं. वर्ष बुडू नये म्हणून मुलीचं नाव तिथल्याच शाळेत घातलं. बायको भांडली नाही. हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी बसून एकदाच म्हणाली, "साऱ्या गावाच्या सायकली तुम्ही बघता. आपली तेवढी बघायची राहिली." त्या दोघी परत आल्या नाहीत. सुरुवातीला तो दर पंधरा दिवसांनी जायचा. मामाच्या घरी पाहुण्यासारखा चहा घ्यायचा, भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. पुढे जाणं महिन्यावर गेलं, मग वर्षावर, मग थांबलंच.

अपघातानंतरच्या तिसऱ्या महिन्यात तो पान्यांची पेटी घेऊन शाळेच्या फाटकात उभा राहिला. मोठ्या बाईंनी विचारलं, "काय काम आहे?"

"पोरांच्या सायकली बघतो. दर शनिवारी, शाळा सुटायच्या आधी."

"आम्ही कोणाला बोलावलेलं नाही."

"नाहीच बोलावलं. मीच आलोय."

बाईंना त्याच्या घरचं ठाऊक होतं. त्यांनी सायकलींच्या शेडचं कुलूप काढून दिलं.

तेव्हापासून शनिवार चुकला नाही. हवा, ब्रेक, चेन, बेल, मागची लाल काच. मुलांना रांगेत उभं करून विचारायचा, "आधी कुठला ब्रेक?" मुलं ओरडायची, "दोन्ही! मागचा जरा आधी!" सीटवर बसून दोन्ही पावलांचे चवडे टेकले नाहीत, तर ती सायकल उतारावरून हातात धरूनच न्यायची, असा त्याचा नियम. वडिलांची उंच सायकल आणणाऱ्या एका मुलीला त्याने असं चालायला लावलं, तेव्हा वडील तणतणत दुकानात आले.

"तुम्ही कोण अडवणारे? वर्षभरात तिची उंची वाढेल."

"वाढू द्या की. तोवर चालत उतरेल," तो म्हणाला. "आणि मला शिव्या द्यायच्या असतील तर बसून द्या, उन्हात उभे आहात."

वडील बसले नाहीत, पण सोमवारी मुलगी लहान सायकलवर आली.

शेडमधल्या मुलींकडे बघताना त्याच्या मनात हिशोब चालायचा. आता भिंगरीची सीट दोन बोटं वर घ्यावी लागली असती. आता तिला चोवीस इंची लागली असती. पुढे तिच्या वयाच्या मुली शाळा सोडून गेल्या, आणि त्याला कोणाकडे बघून माप घ्यावं ते कळेना.

अपघातानंतर बावीस वर्षांनी दुकानातला फोन वाजला.

"बाबा, मी बोलतेय. आईने नंबर दिला."

तो स्टुलावर बसला. तिचा आवाज त्याने ओळखला नव्हता, 'बाबा' तेवढं ओळखलं.

"मुलीला सायकल घ्यायचीय. सहा वर्षांची आहे. केवढी घेऊ?"

त्याने सगळं सांगितलं. वाढत्या मापाची घेऊ नकोस. ब्रेकची मूठ तिच्या बोटांत मावते का बघ. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, मागे सरकवलेलं नको. बोलता बोलता दम लागला. पलीकडून ती म्हणत होती, "सावकाश, लिहून घेतेय."

लिहून झाल्याचं तिने सांगितलं.

"हात कसा आहे?" त्याने विचारलं.

"पूर्ण सरळ होत नाही. पण पोरीला कडेवर घेता येतं." मग ती म्हणाली, "मी तेव्हा न विचारता नेली होती सायकल. हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही."

"विचारलं असतंस तर मी होच म्हणालो असतो," तो म्हणाला.

सुट्टीत ती नातीला आणि तिची नवी सायकल घेऊन आली, एका दुपारपुरती. शाळेच्या रिकाम्या मैदानात तो नातीच्या सायकलमागे धावला, धापा टाकत, सीट धरून. मुलगी पायरीवर बसून बघत होती, वाकडं कोपर मांडीवर ठेवून. पाच वाजता बसस्टॉपवर तिने विचारलं, "आईला काही सांगू?"

त्याला पुष्कळ सांगायचं होतं. तो शब्द जुळवत राहिला आणि बस आली. त्याने सायकल टपावर चढवून दोरीने घट्ट बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. नातीने खिडकीतून हात हलवला. बस वळणापलीकडे गेली तरी तो तिथेच उभा होता. हातांना सीटच्या रेक्झिनचा वास येत होता. दुकान उघडं टाकून आलोय, हे त्याला बऱ्याच वेळाने आठवलं.