तिसऱ्या क्रमांकाचा सामना

मुलींच्या आंतरराष्ट्रीय युवा व्हॉलीबॉल स्पर्धेसाठी हैदराबादेत आलेल्या एका परदेशी संघाबरोबर मी आठवडाभर होते. हॉटेल, सराव, जेवण, दवाखाना, जे लागेल ते बघायचं. हे काम मी मागून घेतलेलं नव्हतं. थोरल्या नणंदेनं, वन्संनी, माझ्या मुख्याध्यापिकांना परस्पर सांगितलं होतं. मी शाळेत खेळ शिकवते, कॉलेजात असताना व्हॉलीबॉल खेळलेली, इंग्रजी बऱ्यापैकी येतं. "घरात बसून बसून दगड झालीस गं तू," वन्सं म्हणाल्या. "जा, चार पोरींत वावर."

माझे यजमान फाल्गुनात गेले. कुकटपल्लीला, ऑफिसात, खुर्चीतच. मला फोनवर सांगितलं, "वहिनी, साहेबांना जरा बरं नाही, या." मलकपेठहून तिथपर्यंत मी रिक्षात बसून, त्यांची कुठली गोळी चुकली असेल याचा विचार करत गेले. तिथं पोचले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. त्या उभं राहण्यावरून मला कळलं. रडू आलं नाही. दहाव्याला आलं नाही, नंतरही नाही. लोक आधी कौतुकानं बघायचे, मग काळजीनं, मग बघेनासे झाले.

संघ मध्य आशियातला होता. पोरी उंच, गालांवर लाली, भात पुढे आला की त्यात तिखट आहे का म्हणून वास घेणाऱ्या. त्यांच्यात सगळ्यात बुटकी होती ती सेटर, चेंडू उचलून द्यायचं काम तिचं. सतरा वर्षांची. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण ती मला पहिल्याच दिवशी 'आपा' म्हणाली. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. आमचा ड्रायव्हर पासष्टीचा, जुन्या शहरातला. तो खूश झाला. "अपने जैसाच बोलती मॅडम ये बच्ची." मग बसमध्ये दोघांचा खेळच सुरू झाला. हा म्हणायचा "पियाज", ती म्हणायची "पियोझ". हा "नान", तीही "नोन". मी खिडकीबाहेर बघत ऐकायची. ऐकायला गोड आहे, एवढं कळायचं. बरं मात्र वाटत नव्हतं.

उपांत्य सामना त्या हरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या क्रमांकासाठी खेळायचं होतं. सकाळी त्यांच्या प्रशिक्षक बाईंनी मला हॉटेलच्या लॉबीत बोलावलं. बाई माझ्याच वयाच्या, आवाज कमावलेला. त्या दिवशी आवाज नव्हता.

"त्या पोरीची आई पहाटे वारली," त्या म्हणाल्या. "घरच्यांनी मला फोन केला. विमान संध्याकाळचं आहे, त्याआधी नाही. दफन आजच होणार, ती कशीही पोचणार नाही. मी विचार करते, सामना झाल्यावर सांगावं. तुमच्याकडे काय करतात?"

"आमच्याकडेही लपवतात," मी म्हटलं. "लपवू नका. आत्ता सांगा."

"ती कोसळली तर?"

"कोसळू दे. पण सगळ्यांना माहीत आणि तिला नाही, असं करू नका."

हे मी फार शांतपणे बोलले असणार. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही बरोबर या."

ती पलंगावर बसून बोटांना पट्टी गुंडाळत होती. बाई तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या भाषेत बोलल्या. फार थोडं बोलल्या. पोरीनं ऐकलं. दोन बोटं राहिली होती, ती तिनं गुंडाळली. पट्टी दातानं तोडली. मग काहीतरी विचारलं, बाईंनी उत्तर दिलं, आणि बाईच रडायला लागल्या. पोरगी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"काय विचारलं तिनं?" मी बाहेर आल्यावर बाईंना विचारलं.

"विमान कधी. आणि मग म्हणाली, तोवर मी इथं खोलीत बसून काय करू? मी खेळते."

सामन्याला शाळेच्या मुलांना बसमधून आणलं होतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. बुटकी म्हणून त्यांनी तिलाच उचलून धरलं, ती सर्व्हिसला गेली की टाळ्यांचा नुसता गजर. मी बाकाच्या मागे उभी होते. मला वाटलं होतं, ती चुकेल, नाहीतर एकदम भन्नाट खेळेल. यातलं काहीच झालं नाही. ती रोजच्यासारखी खेळली. चेंडू यायचा, ती खाली जायची, हात आपोआप वर व्हायचे, चेंडू जिथं जायला हवा तिथं जायचा. हरल्यावर बाकीच्या पोरी गळ्यात पडून रडल्या, पराभवासाठी आणि तिच्यासाठीही. ती मधोमध ताठ उभी होती. तो चेहरा मी ओळखला. फाल्गुनापासून मी तो रोज आरशात बघत होते.

विमानतळावर तिला मी आणि संघाच्या एक अधिकारी घेऊन निघालो. त्या पुढे बसून सतत फोनवर होत्या. गाडी तोच म्हातारा चालवत होता. पोरगी गप्प पाहून त्यानं विचारलं, "क्या हुआ मॅडम? हार गए बोलके?"

"नक्को पूछो चाचा," मी म्हटलं. "इसकी अम्मी गुजर गई. आज फजर को."

त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग हळू आवाजात, कोणी गेल्याचं कळल्यावर म्हणतात ते तो म्हणाला, "इन्ना लिल्लाही व इन्ना इलैही राजिऊन." आपण सारे अल्लाचे, त्याच्याकडेच परत जाणार.

पोरीनं झटकन मान वर केली. आमच्या बोलण्यातलं तिला सकाळपासून फारसं काही कळलं नव्हतं, हे मात्र कळलं. तिच्या घरी त्या क्षणी अंगणात जमलेली माणसंही बहुतेक हेच म्हणत असणार. तिनं ओठ हलवून तेच शब्द म्हटले. चाचांनी आरशातून मान तुकवली.

मग ती माझ्याकडे वळली. "आपा, रडू नाही येत. मी वाईट आहे?"

"नाही."

"कधी येतं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "माझा नवरा वारला. मला अजून आलेलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. कीव नव्हती, नवलही नव्हतं. राखीव बाकावरच्या एका खेळाडूनं शेजारी बसलेल्या खेळाडूकडे बघावं तसं. मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि विमानतळ येईपर्यंत ती झोपली. तिचे केस घामानं अजून ओले होते. माझा हात बधिर झाला, तो मी हलवला नाही.

दाराशी तिनं मला मिठी मारली, चाचांना छातीवर हात ठेवून सलाम केला आणि अधिकारी बाईंबरोबर आत गेली. मागं वळून पाहिलं नाही. संघ दोन दिवसांनी गेला.

पुढे बऱ्याच आठवड्यांनी, मी कोठीला दवाखान्यात माझा नंबर येण्याची वाट बघत असताना तिचा संदेश आला. मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, आज रडले. बाजारात. खरबूजवाला आईबद्दल विचारत होता, त्याला माहीत नव्हतं. खूप वेळ रडले. आता पुन्हा सरावाला जाते. आपा, तुमचं?

मी लिहिलं, अजून नाही. तू खेळ.

त्या रविवारी वन्सं आल्या होत्या. हे सगळं मी त्यांना सांगितलं. खरबुजापर्यंत आले तोवर त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता, त्या कधीही न पाहिलेल्या बाईसाठी, त्या पोरीसाठी, बहुतेक आपल्या भावासाठीही. मी उठून चहाचं आधण ठेवलं.