गोदाकाठचं सागरी केंद्र

"वर्षभरात किती जहाजांना मदत केली?" साहेबांनी विचारलं.

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोर कपाशी, कपाशीपलीकडे गोदावरी.

"एकाही नाही."

"मग हे केंद्र हवं कशाला?"

साहेब मुंबईहून आमचं बिनतारी केंद्र तपासायला आले होते. मी तिथला ऑपरेटर. आमची यंत्रं मुळात समुद्रकाठची. अडचणीतल्या जहाजाची हाक ऐकायची आणि मदत धाडायची, हे त्यांचं काम. ते किनाऱ्यावरचं केंद्र सरकारनं बंद केलं. ट्रान्समीटर म्हणजे संदेश पाठवणारं यंत्र, रिसीव्हर म्हणजे ऐकणारं. दोन्ही अंबड तालुक्यात आमच्या गावी आली. नदीच्या वरच्या अंगाकडून पुराची खबर मिळावी, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण यंत्रांबरोबर समुद्राचे नियमही आले. यंत्र हलवायला ट्रक लागतो, नियम बदलायला अक्कल. ट्रक मिळाला होता.

खबर आली की मी छतावर लाल कापड लावी. ते दिसलं की कोंडिबा नावाडी होडी पाण्यात घालत नसे. तीर्थपुरीच्या बाजाराला येणारी माणसं तो पैलतीरावरून आणी.

साहेबांचा प्रश्न हवेत असतानाच रिसीव्हर वाजू लागला. खबर होती की वर पाणी झपाट्यानं चढतंय. मी उठलो.

"बसा. तपासणी चालू आहे."

"साहेब, आज बाजार आहे. पलीकडे होडी भरत असेल."

"तपासणीत ऑपरेटरनं खुर्ची सोडायची नाही. नियम आहे."

मी खुर्ची सोडली. कापड लावलं. पलीकडे कोंडिबानं होडीत बसलेली माणसं परत उतरवली. त्यांचा आरडाओरडा अलीकडे ऐकू आला. आमची जेवणं होईतो लोंढा आला. अख्खी बाभूळ वाहत गेली.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि कोंडिबा आला.

"सायेब, ह्या मास्तरनं कापड लावलं म्हून वाचलो. लेकरंबाळं बसली होती. लोकं तर मलाच शिव्या देऊन राह्यले होते!"

मी म्हणालो, "साहेब, एक जहाज लिहा."

साहेबांनी कोंडिबाला विचारलं, "होडी बुडत होती का?"

"न्हाई जी. पाण्यात घातलीच न्हाई."

"मग ती संकटात नव्हती. संकट नाही, तर मदत कसली?"

"घातली असती तर बुडलोच असतो की!"

"मग नोंद झाली असती," साहेब म्हणाले. थट्टेनं नाही, खरोखर हळहळून.

मला राहवेना. "साहेब, माणूस मेल्याशिवाय दखलच घ्यायची नसेल, तर निजामाचं राज्य आम्ही कशाला घालवलं?"

"भाषण नको. पेट्या भरा."

एकाही जहाजाची नोंद नाही म्हणून केंद्र बंद झालं. यंत्रं बीडकडे न्यायची होती, म्हणजे नदी ओलांडायची. साहेब पेट्यांसकट घाटावर आले. पाणी पुन्हा गढूळ दिसत होतं.

"कोंडिबा, वर पाणी चढलंय का रे?"

"ते आता कसं कळंल, सायेब?" कोंडिबानं पेटीवर थाप मारली. "बराबर खबर देणारं तर तुम्ही ह्याच्यात कोंडलं. इचारा त्यालाच."

साहेब पेटीवर बसले. दिवस कलला तरी ते आभाळाकडे आणि नदीकडे आळीपाळीनं बघत तिथंच होते.

खात्यातल्या मंडळींना एवढंच सांगतो: पुराची खबर देणारं केंद्र बंद करायचंच असेल, तर आधी नदी ओलांडून घ्यावी.