मधल्या डब्यातल्या चिपा

विनायक गेल्याचं त्याच्या पुतण्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी आधी विचारलं, सोबत कोण होतं? खामगावच्या कोर्टात वकिली करण्यात उभं आयुष्य गेल्यावर माणूस असाच होतो. सकाळी चहा घेता घेता खुर्चीतच त्याने मान टाकली होती, त्याच्या पत्नी, शैलावहिनी, समोरच होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. शंकेला जागाच नव्हती, तरी नांदुऱ्याला पोचेपर्यंत मी ती सोडली नाही... इतक्या साध्या तऱ्हेने तो जावा, हेच मला पटत नव्हतं.

आम्ही नांदुऱ्याला एकाच वर्गात होतो. त्याचे वडील जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचे. शाळा सुटली की आम्ही तिथेच. कापसाची गाडी आली की त्याचे वडील वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे पाहतसुद्धा नसत. बाही वर सारून खांद्यापर्यंत हात ढिगात घालायचे आणि आतला मूठभर काढून दाबून बघायचे. ओल असली तर हाताला लगेच कळे. विनायक पुढे बंगळुरूला गेला, मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला, पण ही खोड काही गेली नाही. आमच्याकडे पोह्यांची बशी दिली तरी पहिला चमचा तळाशी जायचा. माझी बायको भयंकर चिडायची.

त्याचं आयुष्य क्वांटम चिप बनवण्यात गेलं. नखाएवढी वस्तू, बर्फापेक्षा कितीतरी थंड जागेत ठेवली तरच चालणारी. ती नीट चालली तर आजच्या संगणकांना न सुटणारी काही गणितं सुटतील, असं तो सांगे. प्रयोगशाळेत तो एकेक चिप जिवापाड जपून बनवायचा. मग सरकारने ठरवलं की आता त्या हजारोंनी बनवायच्या. एका कंपनीला कारखान्यासाठी सरकारी पैशाचा पहिला हप्ता मिळाला. दुसरा द्यावा की नाही, हे सांगणाऱ्या समितीत विनायकची नेमणूक झाली. मी म्हटलं, जपून रहा, जनतेच्या पैशाभोवती घिरट्या घालणारे फार असतात. तो नुसता हसला.

समिती पाहणीला गेली, तेव्हा आधीच थंड करून ठेवलेली एक चिप झकास चालली. टाळ्या झाल्या, काजू-बदाम फिरले. विनायकने मात्र तयार मालाचे डबे मागवले आणि मधल्या एका डब्यातून आपल्या हाताने काही चिपा उचलल्या. म्हणाला, आता या थंड करा. त्याला वेळ लागतो साहेब, तुमची विमानं चुकतील, असं कंपनीचे लोक सांगू लागले. तो म्हणाला, मी थांबतो. बाकीचे निघून गेले, हा थांबला. त्या चिपांपैकी काही चालल्याच नाहीत, आणि चालल्या त्यांचा एकमेकींशी मेळ बसेना. आधी माल एकसारखा निघू द्या, मगच हप्ता द्या, असं त्याने लिहून दिलं. थोड्याच दिवसांत समिती नव्याने नेमली गेली. तिच्यात तो नव्हता. हप्ता मात्र मिळाला, आणि पाठोपाठ कुजबुज सुरू झाली, की याला दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं होतं.

ती कुजबुज नांदुऱ्यात त्याच्याआधी पोचली. तो कायमचा परतल्यावर एका दुपारी मी सरळच विचारलं, "काऊन बे, कोणाचं काही घेतलं का तू?"

तो चिडला नाही. म्हणाला,

"तू तोंडावर विचारलं, बरं केलं. बाकीचे मागून विचारून राह्यले. अन् ही चिप आपल्या देशात बनावी, हे माह्याइतकं कोणाले पायजे बे? म्हणूनच तर खोटी नको."

माझा विश्वास बसला. तरीही मी दोन ठिकाणी चौकशी केली, कारण स्वभाव जात नाही. काहीही निघालं नाही. निघणारच नव्हतं.

तेरवी झाल्यावर कंपनीचा एक अधिकारी शाल-श्रीफळ घेऊन घरी आला. फार गोड माणूस. कारखान्याच्या चाचणी विभागाला विनायकचं नाव द्यायचं, दाराशी त्याचा फोटो लावायचा, अशी त्यांची इच्छा होती. पुतण्याचे डोळे भरून आले. काकाच्या नावावरचा डाग धुऊन निघेल, लोकांची तोंडं बंद होतील, असं तो वहिनींना विनवू लागला. ते खरंही होतं. मला मात्र इतका गोडवा सोसेना. मी विचारलं, पुढचा हप्ता कधी आहे? त्याआधीची पाहणी पुढच्या महिन्यात आहे, असं तो अधिकारी शाल सारखी करत म्हणाला.



"यायनं उचललेल्या चिपा चालल्या का आता?" वहिनींनी विचारलं.

"त्यावर काम सुरू आहे, मॅडम."

"मंग चालल्या की या. नाव तवा देईन."

त्याने शाल परत पिशवीत घातली. पुतण्या वहिनींशी दोन दिवस बोलला नाही.

फोटो घरीच आहे, बैठकीत, त्याच्या खुर्चीच्या वर. कुजबुजही तशीच आहे. वहिनी दळण घेऊन गिरणीत गेल्या की तिथल्या बायका अजून बोलता बोलता गप्प होतात. वहिनी आपला डबा रांगेत ठेवतात आणि पीठ हाती येईपर्यंत तिथेच उभ्या राहतात.