घरातच असतात हो

रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या त्या आळीत कुणी विचारलं, "काय उमाताई, भाऊ कुठे?" की उमाताईंचं उत्तर ठरलेलं असायचं, "घरातच असतात हो." हे म्हणताना त्यांची मान किंचित ताठ व्हायची. व्हायचीच. शेजारच्या यमुनाबाईंचा नवरा संध्याकाळ झाली की स्टँडाकडे सटकायचा, तिथल्या पानपट्टीवर मटक्याचा आकडा लावायचा आणि येताना तोंडाला वास घेऊन यायचा. त्याला अख्खी रत्नागिरी बघायची. उमाताईंचे यजमान, आळीचे भाऊ, भास्करराव सुर्वे उंबरा ओलांडत नव्हते. अशा नवऱ्याचा बाईमाणसाला अभिमान वाटला तर तिला नावं कशी ठेवायची?

भास्करराव बँकेत कॅशियर होते. मोजताना एक नोट इकडची तिकडे झाली नाही, अशी त्यांची ख्याती. मटका लावणाऱ्या शिपायाला ते खिडकीतून जो दम भरायचे तो रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जायचा. दोन हजार एक साली बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची टूम काढली तेव्हा चारचौघांबरोबर यांनीही अर्ज टाकला. हातात एकरकमी पैसा आला, सत्कार झाला, नारळ-शाल मिळाली आणि दुसऱ्या सोमवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते ओटीवर येऊन बसले. जायचं कुठे, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. उमाताईंना त्या दिवशी त्यांची फार दया आली. वर्षानुवर्षं ज्यांना माणसं रांगेत उभी राहून नमस्कार करत होती, त्यांना आता भाजीवालासुद्धा "ओ काका, बाजूला व्हा" म्हणायचा.

म्हणून मनस्विनीनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, पुण्याहून संगणक आणला तेव्हा उमाताईंनीच तो पुढे होऊन मधल्या खोलीत मांडून घेतला. त्याला भरतकामाचं कव्हर शिवलं. लेकीचा हेतू सरळ होता. पुण्यात नोकरी, लग्न. आईबाबांशी तोंड बघून बोलता यावं. टेलिफोन खात्याचं नवं वेगवान इंटरनेट नुकतंच गावात आलं होतं, तेही तिनंच जोडून दिलं. भास्कररावांनी आधी त्यावर फुकटचे पत्ते खेळले. मग एक दिवस त्या पत्त्यांच्या बाजूला कसली तरी चमचमती पाटी उघडली, तिनं त्यांना नाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून यंत्र सुरू केलं की पडद्यावर अक्षरं यायची, 'वेलकम बॅक, भास्कर.' आता तुम्ही हसाल. पण खिडकी सुटल्यापासून त्यांना नावानं 'या' म्हणणारं ते पहिलंच कुणीतरी होतं.

क्रेडिट कार्ड बँकेनं आपल्या जुन्या माणसाला मागे लागून दिलं होतं. बाकी काही लागतच नव्हतं. बाहेर जायला नको, कुणी बघायला नको, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा असला तरी चालतंय. पैसे लावले की पडद्यावरचं चाक गरगर फिरायचं, गोटी कुठेतरी जाऊन बसायची. "काय बघताय एवढं?" उमाताईंनी विचारलं तर, "अगो, बाजार बघतोय. शेअरचा." असेल बाई, म्हणून त्या दुपारचा चहा तिथेच टेबलावर आणून द्यायच्या, आलं घालून. लोकांच्या बायका नवऱ्याला जुगाराच्या अड्ड्यावरून ओढून आणतात. उमाताई अड्ड्यावर चहा पोचवत होत्या, वर थालीपीठही.

पहिल्यांदा फुटलं ते मनस्विनीमुळे. दिवाळीला आली, संगणक उघडला आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. स्वेच्छानिवृत्तीच्या पैशातली मोठी ठेव त्या गोटीमागे गेली होती. रडारड झाली. भास्कररावांनी देवापुढच्या समईवर हात धरून शपथ घेतली, पुन्हा नाही. उमाताई म्हणाल्या, "झालं गेलं गंगेला मिळालं. माणूस चुकतो." लेकीनं इंटरनेट तोडलं. ते सहा महिन्यांनी पुन्हा जोडलं गेलं, कारण विजेचं बिल म्हणे आता घरबसल्या भरता येतं. विजेचं बिल महिन्यातून एकदा येतं, हे उमाताईंना कळत होतं. पण त्या थकल्या होत्या. घरात रोज पोलीसगिरी करायची म्हणजे आधी स्वतःचीच झोप जाते. शिवाय लोकांना काय सांगायचं? त्या आपलं ठरलेलं सांगत राहिल्या, घरातच असतात हो.

आणि मनात एक आधार होता. मालगुंडची कलमं.

उमाताईंचं माहेर मालगुंडचं. वडिलांनी लग्नाच्या वेळी हापूसची सहा कलमं असलेला जमिनीचा तुकडा त्यांच्या नावावर केला होता. "पोरी, नवऱ्याकडे हात पसरायची पाळी येऊ नये तुझ्यावर," एवढंच म्हणाले होते. त्या सहा झाडांनी तो शब्द पाळला. मनस्विनीची कॉलेजची फी, उमाताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, नातवाच्या बारशाचा पाळणा, सगळं त्या झाडांचं. ज्या वर्षी आंबा धरला त्या वर्षी धरला. हापूस लहरी, एक वर्ष लगडतो, एक वर्ष गप्प बसतो. वडील म्हणायचे, बाळंतिणीसारखं आहे, निजू द्यावं. आंबा घेणारा व्यापारी ठरवायचं काम मात्र भास्कररावांचं. बँकेतला माणूस, बोलणी करावीत तर त्यांनीच. दर वर्षी एका वर्षाचा सौदा करायचा, रोख मोजून आणायची आणि उमाताईंच्या हातात ठेवायची. त्यातली एक नोटही कधी कमी आली नव्हती.

मोहर धरायच्या सुमारास बागेच्या राखणदाराला नारळ द्यायचा, याला तिकडे राखण म्हणतात. झाडांच्या कडेला एक शेंदूर लावलेला धोंडा आहे, तो राखणदार. राखण द्यायची ती मालकानं. दुसऱ्याची राखण राखणदार घेत नाही, आणि एकदा घेतली की तो त्या माणसाला मालक समजतो, असं तिकडचं कुणीही सांगेल. नारळ उमाताईंचा आणि देवापुढचं गाऱ्हाणं भास्कररावांचं, अशी जोडी इतकी वर्षं चालली होती. गाऱ्हाणं घालावं तर भास्कररावांनी. आवाज खणखणीत, शब्द अडत नाही. आसपासच्या बागांतलेही बोलवायचे.

त्या वर्षी मात्र भास्कररावांची कंबर धरली. पुढच्या आठवड्यात जाऊ, म्हणाले. पुढच्या आठवड्यातही कंबर सुटली नाही. टेबलापाशी तासन्‌तास बसायला ती कंबर कुरकुरत नव्हती, पण एस.टी.त बसायला तयार नव्हती. शेवटी उमाताईंनी पिशवीत नारळ, उदबत्ती, हळदकुंकू घातलं आणि एकट्याच गाडीत बसल्या.

बागेत शिरल्या आणि थबकल्याच. सहाही झाडं मोहरानं नुसती पेटली होती. पान दिसत नव्हतं. गेल्याच वर्षी भरभरून आंबा दिलेली झाडं ती. यंदा त्यांनी निजायचं होतं. प्रत्येक बुंध्याभोवती माती उकरून गोल भोकं पाडलेली. राखणदारापुढे फुटलेल्या नारळाच्या करवंट्या, ताजं कुंकू.

बागेची देखरेख करणारा बाबल्या पाण्याची घागर घेऊन आला. त्याला वाटलं, वहिनींना माहीत आहेच.

"वैनी, तुमी कशाला उगा आलाव? राखन काशीरामशेटनी दिली की परवा."

"काशीरामनं? तो तर आंब्याचा व्यापारी. त्यानं का?"

"त्येंचीच ना आता? सात वर्सांच्या करारानं घेतलीत. भाऊंनी सगले पैसे येकदमच घेतले न्हवं?" बाबल्यानं घागर खाली ठेवली. "कलटार वोतलानी मुलांत. आता दर वर्सी धरनार. आनि सात वर्सांत..." तो झाडाकडे बघत राहिला.

कलटार म्हणजे झाडाच्या मुळाशी ओतायचं औषध. ते पडलं की झाडाला निजता येत नाही, दर वर्षी फुलावंच लागतं. स्वतःचं झाड असलं तर माणूस बेतानं घालतो, खत देतो, सांभाळतो. करारानं घेतलेल्या झाडाला सांभाळून काशीरामला काय करायचं होतं? तो काही वाईट माणूस नव्हे. त्यानं पैसे मोजले होते आणि मोजल्या पैशाचा आंबा त्याला हवा होता. सात वर्षांनी झाडं परत मिळतील ती पिळून निघालेली.

उमाताई राखणदारापुढच्या दगडावर बसल्या. राग यायला हवा होता, तो येईना. आला तो नुसता थकवा, पायांपासून वर चढत गेलेला. हात पसरायची पाळी येऊ नये म्हणून बापानं जे दिलं, ते नवऱ्यानं मधल्या खोलीत बसून, त्यांनीच शिवलेल्या कव्हराच्या यंत्रावर, त्यांनीच आणून दिलेला चहा पीत घालवलं होतं. आणि इकडे त्या आळीभर सांगत फिरत होत्या, घरातच असतात हो. पिशवीतला नारळ त्यांनी तसाच परत आणला.

घरी भास्करराव टेबलापाशीच होते. त्यांनी उमाताईंचा चेहरा पाहिला, पडदा घाईनं बंद केला.

"अगो, विकली नाहीत," ते लगेच म्हणाले, कुणी काही विचारायच्या आधी. "दिलीयत फक्त. सात वर्षं म्हणजे काय? झाडं तुझ्याच नावावर आहेत. मी एवढं भरून काढणार होतो बघ, आणि काशीरामला पैसे परत करून तुला कळूसुद्धा देणार नव्हतो. जवळ आलो होतो गो. अगदी जवळ."

बायकोला कळू न देणं हाच त्यांच्या दृष्टीनं चांगुलपणा होता, हे ऐकून उमाताईंना हसू येतंय की रडू, तेच कळेना. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. भात लावला. जेवताना एवढंच म्हणाल्या, "राखण दुसऱ्याच्या नावानं पडलीय. उद्या चला. गाऱ्हाणं घाला."

भास्करराव चटकन हो म्हणाले. कंबरेचं नावही काढलं नाही. आरडाओरडा नाही, लेकीला फोन नाही. एका गाऱ्हाण्यावर भागतंय म्हटल्यावर त्यांना हलकंच वाटलं असणार. रात्री त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ते बागेत पोचले. बाबल्याही येऊन उभा राहिला. गाऱ्हाण्याची रीत अशी, की एकानं देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. हा दुजोरा म्हणजे नुसती मान डोलावणं नव्हे. व्हय म्हणणारा त्या शब्दाला देवापुढे जामीन राहतो. म्हणून मालगुंडला लहान पोरांनाही सांगतात, समजल्याशिवाय व्हय म्हणू नको.

भास्कररावांनी चपला काढल्या, नारळ दोन्ही हातांत धरला. आवाज तसाच खणखणीत लागला.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी उभी रवलीत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," बाबल्या आणि उमाताई म्हणाले.

"ही तुझ्या लेकीची झाडां. तिच्या बापाशीनं लावलेली. इतकी वर्सां तू राखलीस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"ती माझ्या हातनं दुसऱ्याच्या ताब्यात गेली." इथे त्यांचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "तिला न विचारता दिली मी. जां काय चुकलां-माकलां असेल तां पोटात घाल रे म्हाराजा!"

उमाताईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. घरात हा माणूस चुकलो असं म्हणाला नव्हता. समईवर हात ठेवतानाही नव्हता म्हणाला. "व्हय म्हाराजा," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. चुकलं होतं खरं, आणि पोटात घालायलाही त्या तयार होत्या. आजवर घालतच आल्या होत्या.

भास्कररावांना धीर आला. त्यांनी नारळ वर उचलला.

"आणि यापुढे त्या खेळाला पुन्हा हात लावणार नाही, असा तुझ्यापुढे शब्द देतो रे म्हाराजा!"

बाबल्याचं तोंड सवयीनं उघडलं. त्यानं उमाताईंकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

उमाताई झाडाच्या बुंध्याकडे बघत होत्या. मुळाभोवतीची भोकं अजून तशीच उघडी होती. वर मोहरावर माश्या घोंघावत होत्या.

"असा शब्द देतो रे म्हाराजा," भास्कररावांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

कुणी व्हय म्हणेना. व्हय आल्याशिवाय नारळ फोडता येत नाही. ते नारळ वर धरून उभे राहिले. "उमा," ते हळूच म्हणाले, "अगो, म्हण की."

उमाताईंनी पदरानं कपाळ पुसलं, पायात चपला सरकवल्या आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून एकट्याच वाटेला लागल्या.